चार नंबरची ट्यूब

"हे कोटिंग आहे की पावाला फासलेलं लोणी?" भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले. आमची प्रयोगशाळेची खोलीच इतकी अरुंद, की कुणी मनातल्या मनात कुरकुरलं तरी बाकीच्यांना ऐकू जावं.

कोटिंग करणाऱ्या रसायनवालीला ऐकू गेलंच. "लोणी असतं तर बाकीच्या चार ट्यूब बरोबर आल्या नसत्या, सर," ती मान वर न करता म्हणाली.

काम सांगायला सोपं आहे. केसाएवढं काचेचं फायबर मी बारीकशा ज्योतीवर धरून दोन्हीकडून ओढते. मधोमध ते केसाहूनही बारीक होतं आणि आतला प्रकाश जरासा बाहेर डोकावायला लागतो. त्या भागावर रसायनवाली प्रतिपिंडांचा थर चढवते. किडनी थकायला लागली की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते त्या थराला चिकटलं, की पडद्यावरची रेघ उजवीकडे सरकते.

डिझाइन भाऊजींचं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचा भाऊ, म्हणजे आमचे हे, किडनीनंच गेले. त्यानंतर भाऊजींनी हे काम हाती घेतलं आणि वर्षभरानं मलाही इथे आणलं. "वहिनी, तुम्ही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता, मला तसा हात हवाय." बाकी सगळं मी तुटलेल्या फायबरांकडून शिकले. ती भरपूर होती.

निरोगी रक्तात रेघ कुठे थांबते, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी पाच जणांनी रक्त दिलं: आम्ही तिघं, वॉचमन आणि ऑफिसातल्या बाई. ट्यूबवर नावं नाहीत, नुसते आकडे, तेही माझ्या अक्षरातले. भाऊजी रांगेत चौथे होते. आम्ही तिघंही त्या रांगेत होतो, त्यामुळे कुठला आकडा कुणाचा, हे कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

गेले तीन आठवडे चार नंबरची रेघ सरकत होती. आधी कोटिंग बदललं. मग ज्योत बदलली. मग खोलीच्या तापमानावर संशय आला, म्हणून कुणी दार उघडू नये यासाठी वॉचमनला दाराशी उभं केलं. शेवटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, हल्ली तुमचा हात हलतोय."

मी अकरा फायबर नव्यानं ओढली. अकराही वेळा चार नंबरचीच रेघ सरकली.

ह्यांचंही असंच झालं होतं. पहिला रिपोर्ट वाईट आला तेव्हा म्हणाले, त्या लॅबवाल्याचं मशीन जुनं आहे. दुसरा आला, तर म्हणे आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलो. असे पाच लॅबवाले झाले, प्रत्येकात काहीतरी खोट निघाली आणि आठ महिने गेले. घरात एकटे भाऊजीच ओरडायचे, "दादा, मशीनची तुझ्याशी काय दुश्मनी आहे?" मी तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत असायची. चहा गाळणं मला अगदी वेळेवर सुचायचं.

आज दुपारी बाराव्या फायबरवरही चार सरकली. रसायनवालीनं चष्मा काढून पुसला. मग पुसलेलाच परत पुसला. मी खाली पडलेला फायबरचा तुकडा उचलायला वाकले, तर भाऊजींच्या घोट्यात मोज्याची कड खोल रुतलेली दिसली. ह्यांच्याही अशीच रुतायची.

"ट्यूबच खराब झालीय," वरून भाऊजींचा आवाज आला. "चार नंबर यादीतून काढून टाका. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घेऊ. शुक्रवारी अहवाल जायचाय."

"काढायचा का?" रसायनवालीनं विचारलं. त्यांना नाही, मला.

यादी माझ्याकडे होती. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"अहो वहिनी, एक ओळ तर खोडायचीय. एवढा कसला विचार?"

मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. हलत नव्हते. त्यांनी ते बघितले आणि घाईघाईनं पडद्याकडे तोंड फिरवलं.

"मग कोटिंगच..."

"कोटिंग चांगलं आहे. ज्योत चांगली आहे. तुमचं डिझाइनही चांगलं आहे, भाऊजी," मी म्हणाले. "चार नंबर तुम्ही आहात. ह्यांना जे झालं होतं, तेच तुम्हाला झालंय."