भिंतीपाशी येणारी म्हातारी

सप्टेंबरात नर हरणं मारायला आमच्या डोंगरात लोक कुठून कुठून येतात. लंडनहून येतात, जर्मनीहून येतात, नव्या कोऱ्या लोकरी कोटात शिंगांशेजारी बसून फोटो काढतात आणि जाताना मला सांगतात, "फर्कर, नशीबवान आहात हो, काय सुंदर डोंगर आहेत तुमचे!" सुंदर! नोव्हेंबरात या म्हणावं. पाऊस आडवा मारतो, चहा होईस्तोवर अंधारतं, आणि माद्या कमी करायचं काम तेव्हाच सुरू होतं. त्याला एक पाहुणा फिरकत नाही. मादीला शिंगं नसतात ना, दिवाणखान्यात टांगणार काय?

पण डोंगर टिकतो तो याच कामावर. नर कितीही मारा, कळपाला फरक पडत नाही. माद्या वाढल्या की गवत पुरत नाही, बर्चची रोपं वीतभर व्हायच्या आत फस्त होतात, आणि मार्चमध्ये ओढ्याकाठी मेलेली हरणं पडलेली दिसतात. उपासमारीनं मरायला हरणाला फार दिवस लागतात. ते ज्यानं एकदा पाहिलंय, तो मला "बिचाऱ्या माद्या, तुम्हाला मारवतं तरी कसं?" असं विचारत नाही.

खरा प्रश्न असतो कधी मारायचं हा. माद्या मारायचा मोसम ऑक्टोबरच्या शेवटाला उघडतो आणि पंधरा फेब्रुवारीला बंद होतो. फार घाई केली तर पाडस अजून दुधावर असतं. फार उशीर केला तर मादी नुसती हाडं उरते. दात झिजलेली म्हातारी मादी असेल तर ती नाताळाच्या आत, अंगावर चरबी आहे तोवर उचलायची, हे मला माझ्या बापानं शिकवलं. पाडसवाली मारली तर पाडसही त्याच जागी मारायचं, कारण आईवाचून ते हिवाळा काढत नाही. म्हणून गोळी झाडल्यावर लगेच उठायचं नसतं. कळप उधळून जातो, पण पाडस असलं तर ते थोड्या वेळानं आईला शोधत माघारी येतं. तोवर चिखलात पालथं पडून वाट बघायची.

हे दोन माणसांचं काम आहे. एक बंदुकीवर, एक दुर्बिणीवर. आमच्यात दुर्बिणीवर माझी बायको असायची, मार्सली. तट्टूही तीच सांभाळायची, कारण ते माझं काडीचंही ऐकत नाही. गोळी झाली की मी डोकं न उचलता विचारायचो, "कोणी येतंय का गं?" आणि ती म्हणायची, "थांब." कधी कधी अर्धा अर्धा तास नुसतं थांब. पावसाचं पाणी मानेतून पाठीत उतरायचं. मी कुरकुरलो की ती म्हणायची, "अरे म्हाताऱ्या, तुला घरी जाऊन काय दिवे लावायचेत? पड गुमान."

ती एप्रिलमध्ये गेली. निदान उन्हाळा तरी बघायचा होता तिला, तेवढाही मिळाला नाही.

नोव्हेंबरात मी पहिल्यांदा एकटा डोंगरावर गेलो. काळ्या चिखलाच्या चरांपाशी एक मादी एकटीच उभी होती. मी डोळ्यांनी बघितलं, दुर्बिणीनं बघितलं, जवळपास पाडस दिसलं नाही. झाडली. सवयीनं विचारलंसुद्धा, "कोणी येतंय का गं?" मग मलाच कसंतरी झालं, लाज वाटली म्हणा, आणि मी उठलो. तट्टूवर मादी बांधली, खाली आलो. मारलेली हरणं ठेवायच्या थंड खोलीत तिला टांगताना तिची कास हाताला लागली. दुधानं भरलेली होती.

तसाच परत वर गेलो. पाडस चराच्या तळाशी निजलेलं असणार, मी उठून चालू लागल्यावर बाहेर आलं असणार. आई पडली होती तिथं रक्ताचा डाग हुंगत ते उभं होतं. मला बघूनही पळालं नाही. जे करायचं ते केलं आणि तिथंच बसून राहिलो. एवढी वर्षं डोंगरात काढली, आणि थोडा वेळ पडून राहणं जमलं नाही मला, कारण शेजारी कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात ऊना आली. मी ज्या इस्टेटीवर शिकारी म्हणून नोकरीला आहे, तिची ऊना व्यवस्थापक, माझ्या मुलीच्या वयाची, पण पोरीला डोंगर कळतो. बूट काढून चुलीपाशी बसली, माझं जवाचं सूप निमूट प्याली. त्यात मीठ नव्हतं, हे मला नंतर कळलं.

"फर्कर, ती भिंतीपाशी येणारी म्हातारी," ती म्हणाली. "तिचं कधी करताय?"

म्हातारी म्हणजे एक मादी. डाव्या कानाला चीर, तोंडाभोवती पांढरं, चालताना मागचा पाय जरा ओढायची. ती संध्याकाळी आमच्या परसाच्या दगडी भिंतीपाशी यायची, कारण मार्सली तिला सलगमचे तुकडे टाकायची. मी ओरडायचो. रानटी जनावराला खायला घालू नये, हे डोंगरातल्या पोराटोरालाही ठाऊक आहे. मार्सली म्हणायची, "तिला नाही रे घालत. सांडतं माझ्या हातून." असं रोज सांडायचं.

"यंदा पाडस नाही तिला," ऊना म्हणाली. "दातही गेले असणार. नाताळच्या आत उरकून टाका. तुम्हीच शिकवलंत मला."

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो गं बाई! अजून चरबी आहे तिच्यावर. आधी बाकीच्या होऊ देत."

बाकीच्या झाल्या. आता मी प्रत्येक गोळीनंतर मुंग्या येईपर्यंत पडून राहायचो. काम चोख केलं, त्यात कोणी बोट दाखवू नये. पण म्हातारीचं नाव आलं की माझ्याकडे सबब तयार असायची. आज वारा उलटा आहे. आज तट्टूचा नाल ढिला आहे. एकदा तर मी ऊनाला सांगितलं की माझा चष्मा सापडत नाही. तो माझ्या नाकावर होता.

खोटं कशाला बोलू? दिवसभर माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. संध्याकाळी भिंतीपाशी ती यायची, आणि मी बोलायचो. काय बोलायचो? पाव शिळा झालाय. छपराचा पत्रा वाजतोय. तुझी मैत्रीण असती तर मला चार शिव्या घातल्या असत्या. ती कान हलवायची, एवढंच. आणि माझ्या हातून सलगम सांडायला लागले.

दर रविवारी ग्लासगोहून मेरेडचा फोन यायचा. आमची एकुलती एक.

"बाबा, जेवताय ना?"

"न जेवायला काय झालंय?"

"मी येऊ का चार दिवस?"

"कशाला? रस्ता गोठलाय. आणि तू येऊन इथं करणार काय, माझं तोंड बघणार? कामं पडलीत मला."

"बरं," ती म्हणायची. हे 'बरं' थेट तिच्या आईचं होतं. मी फोन ठेवायचो आणि सलगम चिरायला घ्यायचो.

नाताळ गेला. जानेवारीच्या मध्याला बर्फ पडला तो उतरेचना. असा बर्फ पडला की हरणं खालच्या पाइनच्या जंगलात जातात, तिथं वारा लागत नाही आणि झाडांखाली थोडंफार खायला मिळतं. एका सकाळी मी कळप उतरताना पाहिला. एकामागोमाग एक, ओळीनं. त्या वाटेवर वर्षानुवर्षं पुढं असायची ती म्हातारी. यंदा दुसरीच मादी पुढं होती. मी दुर्बिणीनं अख्खी ओळ बघितली. म्हातारी त्यात नव्हती.

ती माझ्या भिंतीपाशी उभी होती. पोटापर्यंत बर्फात.

तरी मला कळलं नाही. कळलं नाही म्हणजे, कळून घ्यायचं नव्हतं. मी जास्त सलगम टाकले. ती ते तोंडात घ्यायची, चावता यायचे नाहीत, अर्धे खाली पडायचे. मग मी ते बारीक चिरू लागलो. मग उकडू लागलो. हरणासाठी सलगम उकडणारा शिकारी! खोऱ्यात कळलं असतं तर लोक पोट धरून हसले असते.

फेब्रुवारीत रस्ता मोकळा झाला आणि ऊना आली. घरात आलीच नाही. भिंतीपाशी उभी राहून म्हातारीकडे बघत राहिली. बरगड्या मोजता आल्या असत्या. पाठीवरचे केस उभे राहिले होते, कंबरेची हाडं कातड्यातून वर आली होती.

"बाकीच्या सगळ्या खाली गेल्या," ती म्हणाली. "ही का नाही गेली?"

मी भिंतीवरचा बर्फ हातानं झटकत राहिलो.

तिनं बुटानं बर्फ उकरला. सलगमचा लगदा वर आला. मला वाटलं आता ही माझी चामडी सोलणार. सोलायलाच हवी होती. पण तिचा आवाज खाली आला.

"फर्कर, तुम्ही खायला घालताय म्हणून ती इथं थांबलीय. तिच्या कळपाला सोडून."

तोंडात मारल्यासारखं झालं. मला वाटत होतं मी तिला सोबत करतोय. सोबत मला हवी होती, आणि त्यापायी तिची सोबत मी हिसकावून घेतली होती. नोव्हेंबरात तिला धष्टपुष्ट असताना, कळपात चरताना, कळूही न देता नेता आलं असतं. ते मी टाळलं आणि तिला तीन महिने उपाशी उभं केलं.

"मी करू का?" ऊनानं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "मीच करतो."

"मोसम संपत आला."

"ठाऊक आहे गं पोरी. तारखा मला नको शिकवू."

ती जाताना माझ्या दंडाला हात लावून गेली. इतक्या महिन्यांत मला कोणाचा हात लागला नव्हता.

मी केलं ते पंधरा तारखेला, अगदी शेवटच्या दिवशी. तोवर हातच उचलेना. दुपारनंतर मी सलगम उकडले, मऊ केले, त्यात थोडं लोणीही घातलं. भिंतीवरून टाकले आणि म्हणालो, "खा बाई." मग तट्टूच्या गोठ्याच्या कोपऱ्याशी जाऊन पालथा पडलो. तिच्या मागं उघडी टेकडी होती, गोळी चुकली तरी मातीत जाणार. तिनं मान खाली घातली, खाऊ लागली. मी झाडली. तिला काही कळलं नसणार.

उठायचं नसतं. मी उठलो नाही.

तिला पाडस नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कळप खाली दूर होता. तरी मी मार्सलीची दुर्बीण कोटातून काढली आणि टेकडी बघितली, ओढा बघितला, चर बघितले. बर्फावर एक पाऊल नवं नव्हतं.

"कोणी येतंय का गं?" मी विचारलं.

मोठ्यानं विचारलं. आणि थांबलो. छाती गारठली, बोटं बधिरली, अंधारात टेकडीचा रंग गेला. कोणी आलं नाही. येणार कोण होतं? तिच्यासाठी माझ्याशिवाय कोणी उरलंच नव्हतं, आणि ते मीच तसं केलं होतं.

मग उठलो. तट्टू आणायला गेलो, पण गरज पडली नाही. ती हातांवर उचलली गेली. पूर्ण वाढलेली मादी, आणि उचलली गेली! शेवटच्या दिवसांत मार्सलीला न्हाणीत न्यायचो तेव्हा ती अशीच हलकी लागायची. भिंत ओलांडताना मला रडू फुटलं. तट्टू माझ्याकडे बघत होतं, मी म्हटलं, बघ बाबा, बघायचं तेवढं बघ.

तिला थंड खोलीत ठेवलं, हात धुतले, बंदूक पुसून कुलपात घातली. चुलीवर सलगमचं पातेलं तसंच होतं. ते रिकामं केलं नाही. फोनपाशी गेलो. मेरेडचा नंबर मी कधी लावलेला नव्हता, मार्सली लावायची आणि माझ्या हातात द्यायची. फोनशेजारच्या भिंतीवर तिच्या अक्षरात लिहिलेला होता, तो बघून एकेक आकडा दाबला.

"बाबा?" मेरेडचा आवाज घाबरा झाला. "आज रविवार नाही. काय झालं?"

"काही नाही. मला काय होतंय?"

"मग?"

खिडकीतून भिंत दिसत होती, आता तिथं काही नव्हतं.

"तू येतेस का," मी म्हणालो, "एवढंच विचारायला केला."

या वेळी ठेवून दिला नाही. मी फोन कानाला धरून थांबलो.