दोघांचा एकच वकील

शुक्रवार पेठेतल्या गुरप्पानं विकायला काढलेल्या दोन खोल्या चांगुणाच्या मनात भरल्या. तशा त्या काही फार मोठ्या नव्हत्या. पण लग्न झाल्यापासून भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, "अगोदरच दिली की दुसऱ्याला." गुरप्पानं आडनाव ऐकूनही घरातल्याच कपातून चहा पुढं केला. हेच घर घ्यायचं, असं चांगुणानं तिथंच ठरवून टाकलं.

तिचा नवरा दिपक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता. तो महेश्वरी वकीलबाईंना भेटून आला.

"बाई म्हणत्यात, घर गुरप्पाच्या वडलांचं हाय. वारस किती ते आदी बघू, पेपरात नोटीस दिऊ. म्हैनाभर थांबा."

हे कानावर जाताच गुरप्पाचा चेहरा उतरला. "दोन दोन वकील कशाला? माजाच वकील दोगांचं करून दील. इश्वास न्हाय व्हय आमच्यावर?"

चांगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर ती दिपकला म्हणाली, "कुनी दारात उभं केलं न्हाय आपल्याला. ह्यानं केलं, तर ह्याच्याच मागं नोटीस लावायची?"

दिपक म्हणाला, "बरं. तू म्हणशील तसं."

गुरप्पाच्या वकिलानं खरेदीखत भराभर वाचलं. सह्या झाल्या, अंगठे उमटले. दिपकच्या फंडातली रक्कम आणि चांगुणाचे दागिने त्या घरात गेले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, शेजारपाजाऱ्यांना खीर वाटली.

पावसाळा सरला आणि एक थकलेली बाई दारात येऊन उभी राहिली.

"मी रत्नम्मा. गुरप्पाची भैन."

"त्यांना भैन हाय?"

"हाय की. तो सांगत न्हाय." तिनं आत डोकावून पाहिलं. "अर्दं घर माजं हाय, बाई. सही कुनी इचारलीच न्हाय मला."

मागोमाग कोर्टाची नोटीस आली. निकाल लागेपर्यंत घर विकायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. गुरप्पाचा फोन बंद. तो पोराकडं गेला म्हणे, कुठल्या गावाला ते कुणालाच ठाऊक नाही. दिपकनं त्याच्या वकिलाला गाठलं.

"मी गुरप्पाचा वकील," तो म्हणाला. "तुमचं वकीलपत्र माझ्याकडं कधी होतं?"

शेवटी दोघं महेश्वरीबाईंकडं गेले. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. कागद वाचून चष्मा काढला.

"लढू. पण खोटी आशा दाखवत नाही. तिचा हक्क खरा आहे. एखादी खोली तरी जाईल, नाहीतर सगळंच विकून वाटणी होईल. गुरप्पावर वेगळा दावा लावू, तो सापडला तर."

"किती वरसं लागतील?" चांगुणानं विचारलं.

"ते माझ्या हातात नाही."

दिपक तिच्यावर चिडला असता, चार शब्द बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं. पण तो दुसऱ्या दिवसापासून दोन पाळ्या करू लागला.

कोर्टात रत्नम्मा भेटायची. नवरा गेल्यावर दिरानं तिला बाहेर काढलेलं, ती नवऱ्याच्या भाचीच्या ओसरीवर राहत होती. एकदा बाकावर जागा नव्हती म्हणून ती चांगुणाशेजारीच बसली.

"तुमच्याशी भांडान न्हाय माजं," ती म्हणाली. "पर मी कुटं जाऊ?"

"आन आमी?"

रत्नम्माला शिव्या द्याव्यात असं चांगुणानं किती दिवस ठरवलं होतं, पण त्या सुकलेल्या हातांकडं बघून एकही शिवी तोंडात येईना. राग धरायला माणूस होता तो गुरप्पा, आणि तो तर सापडतच नव्हता.

पुकारा झाला. जजसाहेब रजेवर होते.

चांगुणा घरी आली तेव्हा दिपक दुसऱ्या पाळीला निघाला होता.

"काय झालं?"

"तारीख."

त्यानं मान हलवली, सायकल बाहेर काढली आणि तो गेला. चांगुणा उंबऱ्यावरच बसून राहिली. आत जाऊन दिवा लावावा, असं तिला वाटेना.