खिडकीला विचारणारा खेळ

कार्तिकातले केशरकांती ऊन मोती तलावाच्या जळावर रेंगाळले, चितारआळीच्या कौलांवरून ओघळले आणि एका पडवीत शिरून एकशेवीस चिमुकल्या वर्तुळांवर पसरले. लाखेची लखलख, हिंगुळाची लाली, हरताळाची पिवळी प्रभा. दहा अवतार, दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, त्यांत एक राजा. भागीरथीबाई चितारींनी चार महिने डोळ्यांत तेल घालून रंगवलेला हा गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, पूर्ण डाव होता. मोतीबिंदूच्या धुक्यातला, बहुधा शेवटचा.

तो आज मोडायचा होता. संध्याकाळी दुकानदार विश्राम येणार होता, आणि त्याला हवे होते फक्त दहा राजे, काचेआड चौकटीत टांगायला. खेळतो कोण हल्ली, असे तो म्हणाला होता. थकलेल्या भागीरथीबाईंनी मान डोलावली होती, आणि तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हते.

दुपारी सून रोहिणीने फोन त्यांच्यापुढे धरला. कुणी अन्वया खैरमोडे, अकोल्याची, ‘पटाबाहेर’ या नावाने खेळांवर व्हिडिओ-निबंध करणारी. खेळांवर निबंध? जग हसले होते. या पोरीला कामधंदा नाही, असे लोक खाली लिहीत राहिले. ते लिहायला त्या कामसू मंडळींना वेळ मात्र भरपूर होता. अन्वयाने कुणाला उत्तर दिले नाही. तिने पुढचा निबंध केला, मग त्याच्या पुढचा.

आणि धन्य तिची नजर! पडद्यावर संगणकातल्या खेळातला एक मशालधारी वाटसरू मावळतीकडे पाहून थबकला. त्याच्या जागी सावकाश उमटले गंजिफाचे गोल पान. दिवसा डाव बसला तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री बसला तर कृष्णाच्या, हा जुना नियम ती सांगू लागली. मग पान विरले आणि दिसली तिची आई, रात्रपाळीहून परतलेली परिचारिका, आधी खिडकी उघडणारी आणि मगच ‘सकाळ झाली’ म्हणणारी. तीन जगे, एकच खिडकी.

“सुरू होण्याआधी जो खिडकीबाहेर पाहतो,” अन्वयाचा शांत स्वर म्हणाला, “त्या खेळाला पोरखेळ म्हणू नका. तो जगाला विचारून खेळतो.”

भागीरथीबाईंनी ते तीनदा ऐकले. जन्मभर जे हातांना ठाऊक होते, ते कुणीतरी आज शब्दांत सांगितले होते. त्यांना रडू आले आणि मागोमाग राग आला, स्वतःच्याच डोलावलेल्या मानेचा.

विश्राम आला तेव्हा पडवीत चटई अंथरलेली होती. पाने पिसून झाली होती. त्याने राजे मागितले.

“राजे मिळूचे नाय,” भागीरथीबाई म्हणाल्या. “बस. तिसरो गडी तू.”

तो हसला, कुरकुरला, घड्याळाकडे पाहू लागला. पण गंजिफाला तिघे लागतात आणि भागीरथीबाई दाराच्या वाटेतच बसल्या होत्या. तो बसला. पाने वाटली गेली, आणि त्याच्या बोटांना लहानपणी आजोबांच्या पडवीत शिकलेली पकड आपसूक आठवली. एवढ्यात रोहिणीने दिवा लावला.

“दिवो लागलो,” विश्राम सवयीने म्हणाला. “कृष्णवाल्यान सुरू करा.”

भागीरथीबाई उठल्या. त्यांनी खिडकीची दोन्ही कवाडे सताड उघडली. दूर तलावावर उजेडाची एक शेंदरी रेघ शिल्लक होती, धुकाळ डोळ्यांनाही दिसेल इतकी.

“खेळ खिडकीक इचारता, दिव्याक नाय,” त्या म्हणाल्या. “अजून दिस आसा.”

विश्रामने हातातल्या पानांकडे पाहिले. रामाचा राजा त्याच्याकडेच होता. चौकटीत टांगला जाणार होता तोच राजा त्याने उचलला, क्षणभर उजेडात धरला, आणि चटईवर टाकला, खेळायला.