मी इथे आहे

"अहो हुटेमान, तासभर ईमेल बंद? आणि तेही आज?" तरुण मालक फोल्कर कॉफीच्या यंत्रापाशी थबकला. "रॉटरडॅमची ऑर्डर कुठल्याही क्षणी येईल. सोमवारी करा की."

"सर्व्हरच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती दोन वाजता आलीय, साहेब. म्हणजे भोक कुठंय, तेही जगाला दोन वाजताच कळलंय. चोर सोमवारपर्यंत थांबायचा नाही."

"एकोणीस वर्षं हेच सांगताय. आला का एक तरी चोर?"

एवाल्ड हुटेमान कारखान्याचे संगणक सांभाळायचा. चोर का आला नाही, हे त्याला कधी नीट सांगताच आलं नव्हतं. बिजागऱ्यांच्या त्या कारखान्याचा ईमेल सर्व्हर तळघरात होता. एकशे चाळीस माणसांची पत्रं, पगारपत्रकं, आजारपणाचे दाखले, सगळं त्याच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी आणि शुक्रवारही जोडून घेतलेला. निघण्यापूर्वी प्रत्येकाने रीतीप्रमाणे ईमेल आला की आपोआप जाणारा निरोप लावला: 'मी सोमवारपर्यंत इथे नाही.' पडद्यावर ते निरोप एकामागून एक बाहेर पडताना एवाल्ड पाहत राहिला.

"असा काय चेहरा केलाय?" स्वागतकक्षातल्या ब्रिंकशुल्टेबाईंनी विचारलं.

"कडी मोडलीय, बाई. आणि आपण दारावर पाटी लावतोय, घरात कुणी नाही म्हणून."

"तुमचं आपलं काहीतरीच!" बाई हसत निघून गेल्या.

गुरुवारी सकाळी, त्या सणाच्या वर्षानुवर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे, मित्रमंडळी बिअरच्या बाटल्यांनी भरलेला हातगाडा ओढत रानात निघाली. एवाल्डही होता. पण त्याचा हात सारखा खिशातल्या फोनकडे जाई.

"काय रे, बायको ओरडेल म्हणून घाबरतोस?" एगोन म्हणाला. सगळे खिदळले.

दुसऱ्या टेकडीवर एवाल्डने न उघडलेली बाटली गाड्यात परत ठेवली. "येतो मी," म्हणाला आणि उताराला लागला.

तळघरात सर्व्हर नेहमीसारखाच घुमत होता. सगळं जागच्या जागी दिसत होतं. मग एका कोपऱ्यात एक फाइल सापडली. इवलीशी, त्याने न ठेवलेली. वेळ, आज सकाळी दहा चाळीस. तेव्हा तो गाडा ओढत होता.

त्याने केबल उपटली आणि मालकाला फोन केला.

फोल्करही रानातूनच आला; त्याच्या बुटांना अजून चिखल होता. सरकारी दप्तराला घुसखोरी कळवायचा अर्ज टेबलावर होता. त्यात प्रश्न होते: दुरुस्तीची माहिती कधी मिळाली? दुरुस्ती लगेच का केली नाही?

"आज सकाळी कळलं, असं लिहा," फोल्कर हळूच म्हणाला. "दोघंही सुटू. तुमचे अकरा महिने उरलेत, हुटेमान. सुखानं निवृत्त व्हा."

एवाल्डने पेन उचललं. 'बुधवार, दुपारी दोन. ईमेल बंद ठेवण्याची परवानगी मागितली. सोमवारी करा, असे सांगण्यात आले. मी थांबलो.'

फोल्करने वाचलं. "शेवटचं वाक्य कशाला?"

"ते माझं आहे, साहेब."

मालक गेल्यावर एवाल्डने एक कोरा कागद घेतला, ठळक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या आणि बाहेरच्या काचेच्या दाराला चिकटवला. सोमवारपर्यंत तो वाचायला कुणी येणार नव्हतं.

'ईमेल बंद आहे. मी इथे आहे.
हुटेमान, तळघर.'