महाराजांच्या काठीची पाठ

"गेला! सरळ गेला!"

गोल्फच्या सराव मैदानावर पन्नासेक माणसं एकदम ओरडली. अण्णांचे हात वर्षभर थरथरत होते. कप बशीत ठेवला की खडखडाट व्हायचा. आज त्याच हातांनी सलग सहा चेंडू सुतासारखे सरळ मारले.

"माझी काठी चूक पोटात घालते!" अण्णांना मंतरलेली काठी देणारे स्पर्शमहाराज गरजले. "कंप गेला! गोळ्या फेका!"

कंपाच्या गोळ्या अण्णांनी महाराजांच्या सांगण्यावरून आठ दिवसांपूर्वीच फेकल्या होत्या. काल जिन्यात तोल गेला, तर महाराज म्हणाले, "कंप बाहेर पडतोय." जिभेला हाड नसलं की उत्तरं तयारच असतात. ऐकणाऱ्यांनीही डोक्याला कुलूप घातलेलं.

अण्णांची लेक मैदानामागच्या खोलीत काठ्या दुरुस्त करायची. लेकराला कडेवर घेऊन ती गर्दीतून पुढे घुसली. काठीच्या लोखंडाची पाठ चंदेरी कापडात शिवून टाकलेली. तिथेच तिला संशय आला.

"अण्णा, तुमच्या कारखान्यात दोन भाग नीट टेकलेत का, हे तुम्ही कसं तपासायचात?"

"एका भागाला निळा रंग फासून. टेकेल तिथे डाग उमटतो. नजर फसते, डाग फसत नाही."

तिने लेकराच्या पिशवीतली पावडर काढली आणि लोखंडाच्या तोंडावर, चेंडू लागतो त्या बाजूला, फासली. "मारा आता."

पुन्हा सहा चेंडू. थोडे आखूड, पण सरळ. तिने काठी अण्णांसमोर धरली. पावडरीत चेंडूंचे डाग उमटलेले: टोकाला, बुडाला, खाली, पार कडेला.

"मधोमध किती, अण्णा?"

अण्णांनी एकेका डागावर बोट ठेवलं. "एकही नाही."

"पावडरीने काठी विटाळली!" महाराज ओरडले.

"धुऊन देते की. वासही छान येईल," ती म्हणाली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

तिने दुकानातली जुनी, भरीव पाठीची काठी अण्णांना दिली. चेंडू तिरका जाऊन जाळीत अडकला. मग तिने कात्रीने कापड टराटरा फाडलं. आत पाठ पोकळ, सगळं वजन कडांना.

"दोन्ही हात लांब करून भरल्या बादल्या धरलेल्या माणसाला ढकला, तो चटकन वळत नाही. कडांना वजन असलेलं लोखंडही तसंच. चेंडू कडेला लागला तरी तोंड फारसं फिरत नाही. नवशिक्यांसाठी बनवतात हे, कुठल्याही दुकानात मिळतं. मंत्र कसला? हे कारागिराचं डोकं!"

महाराजांनी मोटार गाठली.

अण्णा बाकावर बसले. "लोखंडाने माझी चूक झाकली गं. मला वाटलं, मी बरा झालो."

"डॉक्टरांशी बोललेय. आजपासून परत गोळ्या सुरू."

पेला त्यांच्या दातांवर वाजला. लेकीने तळाला हलकेच बोट लावलं. गोळी गेली.

चेंडू सरळ गेला तर खुशाल टाळ्या वाजवा. पण त्याआधी काठीची पाठ उघडून बघा. आणि जो ती झाकून ठेवतो, त्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका.