एकशे अठरा बाय शहात्तर

पट्टा पुरता आवळण्याआधीच आकडा येत असे. मेघनाने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, आधीचाच आकडा पडद्यावर राहिला असेल. दुसऱ्या दिवशी तिने लक्ष देऊन पाहिलं. सासऱ्यांनी घड्याळ मनगटावर ठेवलं, रक्तदाबाच्या चित्रावर बोट टेकवलं, आणि ते पट्ट्याचं टोक कडीतून ओढत होते तेवढ्यात खालचा हिरवा दिवा लुकलुकून आकडा उमटला. एकशे अठरा बाय शहात्तर. मनगट आणि घड्याळ यांच्यामध्ये अजून पेन्सिल सहज जाईल इतकी फट होती.

मेघना वालीवच्या एका लहान प्रयोगशाळेत कारखान्यांचे दाबमापक तपासायची. बॉयलरचे, कॉम्प्रेसरचे, कधी दवाखान्यातलेही. खरं मोजणारं उपकरण थोडं अडखळतं हे तिला रोजच्या कामातून ठाऊक होतं. काटा थरथरतो, पुढे जातो, मागे येतो, मग कुठेतरी बसतो. पुन्हा मोजलं तर जरा वेगळ्या जागी बसतो. हे घड्याळ कधीच अडखळत नव्हतं. म्हणूनच तिला त्याची भीती वाटू लागली होती.

भीतीला कारण होतं. गणपतीच्या सुमारास सासऱ्यांना, गुरुदत्तना, वाडीत खत टाकताना छातीवर दडपण आलं होतं. वसईच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि अँजिओग्राफी करून घ्या, लांबवू नका, असं स्पष्ट सांगितलं. गुरुदत्तनी मान डोलावली आणि लांबवलं. आधी नवरात्रातल्या फुलांचं कारण होतं, मग दिवाळी, मग केळीचे घड उतरायचे होते. खरं कारण ते बोलत नसत, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा थोरला भाऊ अशाच तपासणीला स्वतःच्या पायांनी चालत गेला होता आणि परत आला तो झोपवून आणलेला. भावाचं हृदय आधीच फार खराब झालं होतं, हे डॉक्टरांनी तेव्हा सगळ्यांना समजावलं होतं. गुरुदत्तच्या मनात मात्र ती नळीच राहिली, मनगटातून आत जाणारी.

घड्याळाची कल्पना देवेशची, मेघनाच्या नवऱ्याची. बाबांवर लक्ष राहील, म्हणाला. तो अंधेरीला नोकरीला, दिवसभर बाहेर. खरेदीच्या वेळी सगळे त्याच्या मोबाईलभोवती बसले. प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. सासूबाईंना, चंद्रकांताबाईंना, साखर दाखवणारं हवं होतं, कारण मग त्यांनाही अधूनमधून लावता आलं असतं. गुरुदत्तना पाण्याने बिघडणार नाही असं हवं होतं. देवेशला बाबांचे आकडे स्वतःच्या फोनवर दिसायला हवे होते. आणि हे सगळं दोन हजारांच्या आत. नावाजलेल्या कंपनीची महाग घड्याळं त्यांनी आधी पाहिली. त्यांत ना रक्तदाब होता, ना साखर. जसजसं स्वस्ताकडे जावं तसतशा सोयी वाढत गेल्या. अठराशेच्या घड्याळात रक्तदाब, साखर, प्राणवायू, ताप, झोप, मनावरचा ताणसुद्धा.

"महागवाले नुसते नावाचे पैसे घेतात," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

मेघनाने विचारलं होतं, की जे त्यांना तीस हजारांत जमत नाही ते यांना अठराशेत कसं जमतं. देवेश हसला. म्हणाला, "अगं, स्पर्धा आहे. तुला काय, सगळ्यातच खोट दिसते. लग्नात माझा रक्तगट दोनदा तपासून घेतलास." त्यावर सगळे हसले आणि घड्याळ मागवलं गेलं.

पहिल्या आठवड्यातच ते गुरुदत्तचं राहिलं नाही. सकाळी चाफ्याच्या आणि तगरीच्या पुड्या दादरला रवाना झाल्या की ओट्यावर चहा होई. शेजारच्या वाडीतला वॉल्टर यायचा, फुलं ओवायला येणारी पुतळाबाई टेकायची, आणि घड्याळ हातोहात फिरायचं. वॉल्टरला एकशे एकवीस बाय एकोणऐंशी. पुतळाबाईला एकशे एकोणीस बाय सत्त्याहत्तर. चंद्रकांताबाईंना एकशे अठरा. पुतळाबाई म्हणाली, गावचं पानीच चांगलं, कोनालाच काय नाय. वॉल्टर म्हणाला, मग डॉक्टरांनी काय केळी विकायची?

मेघना चहाचे कप गोळा करत ऐकत होती. पुतळाबाईला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. वॉल्टर डॉक्टरांकडून येताना दरवेळी रक्तदाबाला शिव्या देत यायचा. चार माणसांचा दाब असा एका रांगेत बसत नाही.

तिने कामावरचं दंडाला बांधायचं यंत्र घरी आणलं. नुकतंच तपासलेलं होतं. ओट्यावर, सगळ्यांसमोर, तिने ते गुरुदत्तच्या दंडाला लावलं. एकशे अडुसष्ट बाय शंभर. मनगटावर त्याच वेळी एकशे अठरा बाय शहात्तर. तिला वाटलं, आता वेगळं काही सांगायला लागणार नाही.

गुरुदत्तनी दोन्ही आकडे शांतपणे पाहिले. मग म्हणाले, "हे बघ, तुझं यंत्र हात दाबतं. दाबल्यावर दाब वाढणारच. हे माझं दाबत नाही." कोणीच त्यात चूक काढली नाही. मेघनाने समजावलं, कागदावर काढून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुनेचं शिक्षण वाया गेलं नाही असं कौतुकही केलं, आणि घड्याळ लावून वाडीत गेले.

त्यानंतर तिला रात्री झोप नीट लागेना. घड्याळात वाईट आकडा आला असता तर ती इतकी घाबरली नसती. मग एकदा औषधांच्या डब्यातली रक्तदाबाची पाकिटं तिला जशीच्या तशी दिसली. तिने चंद्रकांताबाईंना विचारलं. त्या चाचरत म्हणाल्या की माप बरोबर येतंय तर गोळी कशाला, उगाच दाब फार खाली जायचा, असं यांचं म्हणणं. आधी अर्धी घेत होते, आता तीही नाही. तिने देवेशला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. रविवारी बाबांशी बसून नीट बोलू, म्हणाला.

रविवार यायच्या आधी शुक्रवार आला. वालीवच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून मेघना घरी होती. गुरुदत्त उजाडताच केळीची पानं कापायला वाडीत गेले होते. बाजारात पानांना मागणी होती. न्याहारीची वेळ झाली, टळली. चंद्रकांताबाईंनी झाकून ठेवलेल्या भाकरीवरचं ताट दोनदा उचलून पाहिलं.

मेघनाने सासऱ्यांना फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. मग तिने देवेशला लावला. तो लोकल गाडीत होता, आवाज तुटत होता. थांब, बघतो, म्हणाला, आणि काही क्षणांनी त्याचा आवाज अगदी निवांत झाला. "अगं, पल्स बहात्तर आहे. प्रेशर एकशे अठरा बाय शहात्तर. आत्ताचं आहे हे, आत्ता बदललं. बसले असतील वॉल्टरकाकांशी गप्पा मारत."

चंद्रकांताबाईंनी हे ऐकून सुस्कारा टाकला आणि ताट परत झाकलं. मेघनाने मात्र ओट्यावरून वॉल्टरच्या अंगणात पाहिलं. वॉल्टर एकटाच बसून विळ्याला धार लावत होता.

ती चप्पल न घालताच वाडीत शिरली. चाफ्याच्या ओळी ओलांडल्या की केळी सुरू होत. तिने हाक मारली. बावखलाकडून, वाडीतल्या तळ्याकडून, पंपाचा आवाज येत होता, त्यात हाक बुडून गेली. पाटाचं पाणी एका आळ्यातून भरून वाहत होतं, कुणी दुसरीकडे वळवलं नव्हतं. गुरुदत्त पाणी असं वाया जाऊ देणारे नव्हते. तिने चिखलातून पाय उचलले आणि जवळजवळ पळायला लागली.

कापलेल्या पानांचा ढीग तिला आधी दिसला. शेजारी घडाला दिलेल्या बांबूच्या टेकूवर सदरा अडकवलेला होता आणि त्याच्या खिशात फोन. तिच्याच न घेतलेल्या फोनच्या खुणा पडद्यावर. माणूस कुठेच नव्हता.

मग तिला घड्याळ दिसलं. हाताच्या उंचीवर, केळीच्या एका कोवळ्या पानाच्या जाड देठाला ते नीट बांधलेलं होतं. केळ कापताना चीक उडतो, कपड्याला लागला की काळा पडतो आणि जन्मात जात नाही. पट्टा खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते काढलं होतं, आणि गवतात हरवू नये म्हणून देठाला बांधलं होतं. चांगलं आवळून बांधलं होतं. हिरव्या देठावर हिरवा दिवा लुकलुकत होता. मेघना पाहत असतानाच आकडा बदलला. नाडी चौऱ्याहत्तर. मग त्र्याहत्तर. दाब तोच, एकशे अठरा बाय शहात्तर. वर लिहिलं होतं, सर्व काही उत्तम.

ती ते पाहत क्षणभर उभी राहिली. केळीचं पान वाऱ्याने हललं आणि नाडी पुन्हा बहात्तर झाली. देवेश गाडीत बसून हेच पाहत होता. घरी चंद्रकांताबाई याच आकड्यावर विसंबून बसल्या होत्या. आणि हा आकडा इथे कोणाचाच नव्हता. तिने देठासकट पान ओढलं, घड्याळ सोडवून घेतलं आणि पंपाच्या आवाजाच्या दिशेने धावली.

गुरुदत्त बावखलाच्या काठावर, पोफळीला पाठ टेकून बसले होते. पाय पसरलेले. पाणी हाताच्या अंतरावर होतं, हिरवं आणि स्थिर. त्यांचं अंग घामाने निथळत होतं आणि चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला होता. डोळे उघडे होते. तिला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला तेव्हा तिने त्यांचे खांदे धरले. खांदे गार होते.

जबडा दुखतोय, असं ते हळू म्हणाले. दाताचंच असेल. पंप बंद करायला आलो आणि जरा बसलो.

तिने पंप बंद केला नाही. आधी वॉल्टरला फोन केला, गाडी वाडीच्या मागच्या रस्त्याने आत आणा म्हणाली. मग डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला, काय दिसतंय ते एकेक करून सांगितलं आणि तिकडून सांगितलेलं ऐकलं. ताबडतोब घेऊन या, चालवू नका. तिचा आवाज कामावर असतो तसाच होता. 

गुरुदत्त तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होते. "घड्याळ काय म्हणतं?" त्यांनी विचारलं.

मेघना त्यांच्यासमोर चिखलात बसली. "बाबा, हे मी केळीवरून सोडवून आणलं. केळीला बांधलेलं असताना ते सांगत होतं, एकशे अठरा बाय शहात्तर."

पंप धडधडत होता. त्यांनी घड्याळासाठी हात पुढे केला, तिने दिलं. देठाचा ओलसर तंतू अजून पट्ट्याच्या कडीत अडकला होता. त्यांनी तो बोटाने काढला. पडद्यावरचा आकडा त्यांनी वाचला, आणि मग ते बराच वेळ केळीच्या रांगेकडे बघत राहिले. तिला वाटलं ते आता काहीतरी विनोद करतील. त्यांच्या डोळ्यांत इतकी उघडी भीती तिने कधी पाहिली नव्हती.

वॉल्टरची गाडी झाडं चुकवत आली. त्याने आणि मेघनाने मिळून त्यांना आडवं धरून मागच्या सीटवर बसवलं. घराशी गाडी थांबताच चंद्रकांताबाई तशाच, पदराला पीठ लागलेल्या, आत शिरल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन बसल्या. मेघनाने देवेशला फोनवर एवढंच सांगितलं की उतर आणि उलट्या गाडीने ये.

गाडी हलली तसे गुरुदत्त पुटपुटले की जरा घरी पडून पाहू, बरं वाटेल. गणपतीपासून ते हेच म्हणत आले होते. चंद्रकांताबाईंनी मेघनाकडे पाहिलं. मेघनाला बरंच काही सुनवायचं होतं. एकशे अडुसष्ट बाय शंभर, न घेतलेल्या गोळ्या, रविवारवर ढकललेलं बोलणं. ते तिने बाजूला ठेवलं. तिने त्यांच्या मनगटावर बोटं टेकवली आणि नाडी शोधली. ती सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा ती बारीक होती, मध्येच चुकत होती, थांबत होती, पुन्हा येत होती.

"लागतेय?" त्यांनी विचारलं.

"लागतेय," ती म्हणाली. "पण नीट नाही, बाबा."

देवळापुढच्या वळणावर वॉल्टरने गाडी हळू केली. आरशात बघत, अडखळत त्याने विचारलं, "गुरुदत्त, घरी वळवू का रे?" इतकी वर्षं शेजारी राहून त्याला ठाऊक होतं की या माणसाला न विचारता कुठे नेता येत नाही.

गुरुदत्तनी डोळे मिटले. मेघनाच्या बोटांखाली नाडी एकदा पूर्ण चुकली. मग ते बोलले. आवाज लहान होता, पण गाडीतल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"घरी नको. दवाखान्यात ने. आणि डॉक्टरांना सांगा, ती नळी घालायची असेल तर घाला."