आर्लिस आणि मी

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहानशा गावच्या शाळेतली घडीची लोखंडी खुर्ची आहे. नवी होते तेव्हा माझा हिरवा रंग कसा चकचकायचा! आता पोपडे निघालेत, आणि एक पाय आखूड असल्याने मी डुगडुगते. लग्नं, सामने, मयतीनंतरची जेवणं, सगळीकडे मी माणसांना बसवलं. काम झालं की भिंतीशी भिरकावतात. माझं कौतुक झालं ते एकदाच.

दर चार वर्षांनी, ऐन थंडीत, राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला उमेदवार ठरवायला पक्षाची माणसं आमच्या शाळेच्या हॉलमध्ये जमतात. चिठ्ठी नाही, पेटी नाही. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. माणसं कमी पडली की तो कोपरा बाद. मग त्यातल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर घरी. गावकऱ्यांचे ठराव अगदी शेवटी येतात, आणि तोवर जो तो कोट घालून पसार झालेला असतो.

त्या वर्षी आर्लिस ट्वेट माझ्यावर बसली होती. गुडघे गेलेले, पण बाई हट्टी. गावातली रुग्णवाहिका रात्रीची बंद केली होती, ती पुन्हा सुरू व्हावी, असा तिचा ठराव होता. आदल्या हिवाळ्यात तिचा नवरा ऑर्व्हल रात्री छातीत कळ येऊन पडला. दुसऱ्या गावाहून गाडी येईपर्यंत तो गेला होता.

तिच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात ती एकटीच. कोपरा बाद झाला. पशुखाद्याचं दुकान चालवणाऱ्या एल्डनच्या समोरच्या कोपऱ्याला नेमकं एक माणूस कमी पडत होतं.

"आर्लिस, ये की आमच्यात. लिंबाच्या वड्या आणल्यात," एल्डन म्हणाला.

"वडीवर विकली जाईन होय रे मी? येते. पण माझा ठराव होईपर्यंत तुमच्यातल्या कुणी कोटाला हात लावायचा नाही."

"अगं, बाहेर बर्फ पडतोय."

"ऑर्व्हल गेला तेव्हाही पडत होता."

एल्डनने मान खाली घातली. मग गटाकडे वळून म्हणाला, "ऐकलंत ना? थांबायचं." सगळे हो म्हणाले. आर्लिस माझ्या पाठीचा आधार घेत, मला फरफटवत त्या कोपऱ्यात गेली. मोजणी झाली, कोपरा तरला.

आणि लगेच दोघंतिघं हळूच कोटांकडे सरकले. मेल्यांनो, शब्द दिला होतात ना! आर्लिसने मला दारात मांडलं आणि ती बसली.

"ज्याला जायचंय त्याच्यासाठी मी उठेन," ती म्हणाली. "फक्त माझ्याकडे बघून 'ऊठ' म्हणा."

कुणी म्हणालं नाही. एकेक जण परत येऊन बसला. तिने तिथूनच ठराव वाचला. ऑर्व्हलच्या नावासकट, शेवटच्या ओळीपर्यंत. सगळे हात वर गेले.

"आता मार्चमध्ये जिल्ह्याच्या सभेत हा पुन्हा मांडावा लागेल," अध्यक्ष म्हणाले. "कोण जाईल?"

"मी. खुर्च्या आहेत का तिथे?"

"आहेत की, गादीच्या."

"गादीवर मला झोप येते. मी हीच नेते. गुणी आहे." मित्रांनो, हेच ते कौतुक!

एल्डनने माझी घडी घातली आणि मला तिच्या गाडीत ठेवलं.

तेव्हा, सभा संपली की आम्हाला भिरकावू नका, नीट घडी घालून ठेवा. आणि शेवटच्या माणसाचं बोलणं होईपर्यंत उठू नका. मला विचाराल तर ठराव मार्गी लागेपर्यंत आर्लिसला आणि मला अजून बऱ्याच सभांत बसायचं आहे.